भिंत भरण्याआधी ती वाजवून बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही उत्तराची संगती लागावी म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. परभणीतलं 11 वर्षांचं कॉलम-बीमचं घर, विटांच्या भिंती, आतून सिमेंटचं प्लास्टर, त्यावर पुट्टी आणि रंग. हॉलमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. कोपऱ्यातल्या कॉलमला लागून वरपासून खालपर्यंत एक सरळ उभी भेग. टीव्हीचा स्टँड काढल्यावर राहिलेली चार भोकं. खिडकीखाली फुगून पडलेला तळहाताएवढा पोपडा. मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली एक तिरकी भेग, जी उन्हाळ्यात मोठी होते आणि आता सप्टेंबरात जवळजवळ मिटलीय. पेंटर म्हणतो सगळं घर खरवडून नवी पुट्टी मारू. दिवाळी सव्वा महिन्यावर आली. शिवाय जाता जाता गावाकडच्या आईच्या मातीच्या घराबद्दलही विचारलंय.

मी 28 वर्षं गवंडीकाम करतो, अलीकडे रंगाची कामंही घेतो. पेंटर तुम्हाला फसवतोय असं मी म्हणणार नाही. त्याचं गणित स्क्वेअर फुटावर चालतं आणि तुमचं काम वीत-वीतभर जागेचं आहे. एवढ्याशा कामाला दिवस मोडून येणं त्याला परवडत नाही, म्हणून तो सगळं घर सांगतो. पण तुम्ही लिहिलेल्या पाच गोष्टींची कारणं पाच आहेत. सगळ्यांवर एकच पुट्टी फिरवली तर दिवाळीचे फोटो छान येतील आणि होळीपर्यंत भेगा आपापल्या जागी परत दिसतील.

कुठलीही भिंत भरायच्या आधी ती वाजवायची. आम्ही थापीच्या मुठीनं वाजवतो, घरात लाटणं चालेल. धरून बसलेलं प्लास्टर ठण् वाजतं आणि हाताला झणका देतं. आतून सुटलेलं असेल तर भद् असा आवाज येतो, रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारावी तसा. आवाज जिथे बदलतो तिथे पेन्सिलीनं खूण करत जा. खिडकीखाली तुम्हाला तळहाताएवढा खड्डा दिसतोय, पण वाजवल्यावर त्याच्या चारी बाजूंनी आणखी वीतभर तरी पोकळ निघेल असा माझा अंदाज आहे. ते सगळं काढायचं. इथेच लोकांचा हात आखडतो. दिसतं तेवढं भरतात, बाजूचं सुटलेलं तसंच ठेवतात, आणि वर्षभरात नवा तुकडा जुन्याला घेऊन खाली येतो.

त्याआधी तिथे पाणी कुठून येतं ते शोधा. खिडकीखालचं प्लास्टर उगीच फुगत नाही. तुमची खिडकी ॲल्युमिनियमची सरकती असेल तर खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूनं पाणी जायला बारीक भोकं असतात. आपल्याकडच्या धुळीनं ती बुजतात, पावसाचं पाणी पट्टीत साचतं आणि आतल्या बाजूनं भिंतीत उतरतं. छत्रीच्या तारेनं भोकं मोकळी करा आणि तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडतं का बघा. बाहेरून चौकट आणि भिंत यांच्यातली फट सीलंटनं बंद करा. खिडकीच्या खालच्या फरशीचा उतार आत असेल तर मात्र गवंडी लागेल. भिंत अजून ओली आहे का हे बघायला दीड फुटाचा प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर बंद करून लावा आणि एक दिवस तसाच ठेवा. आतल्या बाजूला घाम धरला तर भिंतीत ओल आहे, भरायची घाई करू नका.

आता तो तुकडा. छिन्नी आणि लहान हातोडी घ्या, डोळ्याला चष्मा लावा, खाली जुनं पोतं अंथरा. छिन्नी तिरपी धरून कडेकडेनं हलके घाव घाला. जोरात मारलं तर चांगलं धरलेलं प्लास्टरही हादरून सुटतं. कडा सरळ कापा, निमुळत्या ठेवू नका. निमुळत्या कडेवर नव्या मालाचा, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूचा, कागदासारखा पातळ थर बसतो आणि आधी तोच उडतो. जमलं तर खड्डा आतून किंचित रुंद आणि तोंडाशी अरुंद ठेवा, म्हणजे माल अडकून बसतो. विटांच्या सांध्यातला सैल माल अर्धा इंच उकरा. मग ब्रशनं धूळ झाडा. झाडल्यावर बोट फिरवून बघा. बोटाला पांढरं लागलं तर परत झाडा.

पाणी मारणं हा या कामाचा निम्मा जीव आहे. आपल्या मराठवाड्याची वीट म्हणजे उन्हातला बैल, समोर येईल तेवढं पाणी पिते. कोरड्या विटेवर माल लावला की ती मालातलं पाणी ओढून घेते, सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही आणि माल जळतो. जळलेल्या मालावर नख ओढलं तर वाळू सुटते. म्हणून दोन-तीनदा पाणी मारा. पाणी मारल्यावर वीट चमकते, थोड्या वेळानं चमक जाऊन नुसती ओलसर दिसते. ती वेळ मालाची. चमक असताना लावला तर घसरतो, पार सुकल्यावर लावला तर जळतो.

माल कालवायला एक वाटी सिमेंट आणि चार वाट्या वाळू पुरे. सिमेंट गाठी झालेलं, जुनं नको. वाळू गोदावरीची असो नाहीतर क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू), पिठाच्या जुन्या चाळणीनं चाळून घ्या आणि काचेच्या ग्लासात मूठभर टाकून पाण्यात ढवळा. वाळू खाली बसल्यावर तिच्या वर मातीचा जाड थर साचला तर ती वाळू प्लास्टरची नव्हे. पाणी शक्यतो पिण्याचं वापरा. ज्या बोअरच्या पाण्यानं नळाच्या तोटीवर पांढरी खपली धरते, त्या पाण्यातले क्षार मालात जातात आणि पुढे भिंतीवर लोणा म्हणून फुटतात.

इथे माझीच एक चूक सांगतो. नवखा होतो तेव्हा वाटायचं, सिमेंट जितकं जास्त तितकं काम मजबूत. एका घरी स्वयंपाकघरातला खड्डा मी जवळपास निव्वळ सिमेंटनं भरला आणि गुळगुळीत करून आलो. पंधरा दिवसांनी त्या घरच्या आजींनी बोलावून घेतलं. तुकड्याच्या चारी बाजूंनी केसाएवढी भेग पडलेली, वर मधोमध जाळं. आजी म्हणाल्या, "मिस्त्री, ह्याच्यापरीस खड्डाच बरा व्हता." सिमेंट जास्त झालं की माल वाळताना जास्त आकसतो आणि कडेपासून सुटतो. तेव्हापासून लहान कामातही माप वाटीनंच घेतो.

आधी सिमेंटचं पातळ पाणी ब्रशनं खड्ड्यात फिरवा आणि ते ओलं असतानाच माल लावा. आम्ही माल थापीनं फेकून मारतो, तुम्हाला ते लगेच जमणार नाही, पण तळहाताचा जोर देऊन कोपऱ्याकोपऱ्यात दाबता येईल. खड्डा अर्ध्या इंचापेक्षा खोल असेल तर दोन थरांत भरा. पहिल्या थरावर खिळ्यानं आडव्यातिडव्या रेघा ओढून ठेवा आणि दुसरा थर दुसऱ्या दिवशी. शेवटी लाकडी पट्टी दोन्हीकडच्या जुन्या प्लास्टरवर टेकवून फिरवा. नवा तुकडा जुन्या भिंतीपेक्षा एक-दोन मिलिमीटर खाली राहायला हवा, तेवढी जागा पुट्टीची. वर आला तर नंतर घासून घासून खांदे दुखतील. कालवलेला माल तासाभरात संपवा. घट्ट झाला म्हणून परत पाणी घालून ढवळू नका.

पुढचे सात दिवस स्प्रेच्या बाटलीनं दिवसातून तीनदा पाणी. पहिले दोन दिवस पंखा बंद आणि वर ओलं फडकं. पाणी थांबवल्यावर तुकडा वाळू द्या. या हवेत निदान दोन-तीन आठवडे धरा आणि पुट्टीआधी प्लास्टिकच्या कागदाची परीक्षा परत घ्या. दिवाळी गाठायची तर हे काम याच आठवड्यात व्हायला हवं, बाकीची दसऱ्यानंतर केली तरी चालतील.

कॉलमशेजारची उभी भेग दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. कॉलम काँक्रीटचा, भिंत विटेची. ऊन-थंडीनं दोघं वेगवेगळं फुगतात आणि आकसतात, त्यामुळे सांध्यावरचं प्लास्टर फाटतं. प्लास्टर करताना तिथे कोंबडीजाळी ठोकायची असते. ती राहून गेली की अशी भेग हमखास पडते. बीमखालच्या आडव्या भेगेचंही तेच. पक्का उपाय म्हणजे सांध्याच्या दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा फूट प्लास्टर काढून, जाळी ठोकून नवं करणं. दिवाळीच्या तोंडावर एवढी धूळ नको असेल तर पुट्टी ओढायच्या पत्र्याच्या कोपऱ्यानं भेग इंग्रजी व्हीसारखी उघडा, धूळ काढा, आत ॲक्रिलिक सीलंट भरा आणि ओल्या बोटानं सपाट करा. सीलंट वाळल्यावर वरून फायबर जाळीची चिकट पट्टी लावा आणि तिच्यावर पुट्टीचे दोन पातळ हात. सीलंट रबरासारखा थोडा ताणला जातो, पुट्टी ताणली जात नाही. नुसती पुट्टी भरलेली अशी भेग वर्षभर टिकलेली मी पाहिलेली नाही. सीलंट घेताना त्यावर रंग बसतो ना, हे दुकानदाराला विचारा. साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही.

आता मागच्या खोलीतली तिरकी भेग. आमच्या लातूर-धाराशिवकडे भिंतीला तिरकी भेग पडली की घरातली वडीलधारी माणसं गप्प होतात. 30 सप्टेंबर 1993 ची, किल्लारीच्या भूकंपाची पहाट अजून कुणी विसरलेलं नाही. पण तुम्ही लिहिलेली खूण वेगळी आहे. उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते म्हणजे संशय काळ्या मातीवर. एप्रिल-मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तीच माती घराखाली आहे. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि वरच्या घराला हलकेच वर-खाली करते. खिडकी-दाराचा कोपरा ही भिंतीतली कमजोर जागा, म्हणून भेग तिथून निघते.

तिला आत्ता भरू नका. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहा. मध्ये एका ठिकाणी भेगेवर आडवा पीओपीचा (प्लास्टर ऑफ पॅरिसचा) टिळा लावा, रुपयाएवढा आणि पातळ. टिळा चिरला तर भेग जिवंत आहे. मे महिन्यापर्यंत बघा. मिटलेली भेग आत्ता भरलीत तर उन्हाळ्यात ती उघडेल आणि भरलेलं फाटेल. उघडलेली असताना सीलंटनं भरलीत तर पावसाळ्यात तो नुसता दबतो. दरम्यान घराभोवतीचं पाणी बघा. गच्चीचा पाइप पायाशीच सुटतो का? शोषखड्डा भिंतीला लागून आहे का? भिंतीलगत तीन-चार फुटांची फरशी बाहेरच्या उतारानं घातली तर पायाजवळची माती एकदम ओली, एकदम कोरडी होत नाही. पुट्टीपेक्षा तो खर्च शहाणपणाचा.

आणि काही खुणा दिसल्या तर माझ्यासारख्या मिस्त्रीलाही नव्हे, थेट स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. भेग भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसते, पाच मिलिमीटरपेक्षा रुंद आहे, भेगेची एक कड दुसरीपेक्षा पुढे आलीय, शेजारचं दार घासायला लागलंय. किंवा स्लॅबला नाहीतर कॉलमला सळईच्या रेषेत भेग पडून तपकिरी डाग उतरलेत. तिथे पुट्टी मारणं म्हणजे गंजणारी सळई झाकून ठेवणं.

जाळ्यासारख्या चिरांचं फार मनावर घेऊ नका. प्लास्टर करताना उन्हानं किंवा वाऱ्यानं ते पटकन वाळलं, किंवा वरून सिमेंट जास्त घोटलं की असं जाळं पडतं. एकदा पडलं की वाढत नाही. वाजवून बघा. ठण् वाजलं आणि चिरेत नख अडकत नसेल तर घासून प्रायमर आणि रंगाचे दोन हात एवढ्यात ती झाकते. नख अडकत असेल तेवढीच चीर पत्र्यानं उघडून भरा. भद् वाजलं तर ते प्लास्टर काढण्याचं काम, वर सांगितलं तसं.

भोकांना टूथपेस्ट भरू नका. भाड्याची खोली सोडताना पोरं हे हमखास करतात, मीही अशा खोल्या नंतर रंगवल्यात. पेस्ट वाळून आकसते आणि रंगातून तिचा डाग डोकावतो. आधी प्लास्टिकचा प्लग पकडीनं ओढून काढा. निघत नसेल तर खिळ्यानं आत ढकला. भोकाच्या कडेचा उठलेला रंग पत्र्यानं कापा, आत फुंकर मारा (डोळे मिटून), पाण्याचा हात द्या. स्टँडची भोकं खोल असतात, ती एका दमात पुट्टीनं भरली तर मधे खळगा पडतो. तळाशी घट्ट सिमेंटचा माल दाबा, दुसऱ्या दिवशी वरून पुट्टी.

पुट्टीबद्दल दोन शब्द, कारण दुकानात सगळंच पुट्टी म्हणून देतात. जुने रंगारी लांबी म्हणायचे, खडूची भुकटी आणि अळशीचं तेल. आता व्हाइट सिमेंटची पावडर मिळते, ती आतल्या भिंतीला उत्तम. एक किलोला साधारण 350 ते 400 मिली पाणी घ्या. पाण्यात पावडर टाकत ढवळा, पावडरीवर पाणी ओतलं की गुठळ्या होतात. दहा मिनिटं तशीच ठेवून परत ढवळा. दोन-तीन तासांत पुरेल एवढीच कालवा. भिंत किंचित ओलसर करून पातळ हात द्या, दोन्ही हात मिळून दीड मिलिमीटरच्या वर नको. पुट्टी खड्डा भरायला नसतेच, ती भिंतीला चेहरा द्यायला असते. डब्यातली तयार ॲक्रिलिक पुट्टी बारीक कामाला सोपी, पण ओलीच्या जागी तिचे पापुद्रे निघतात. पीओपी दहा-वीस मिनिटांत घट्ट होतं आणि आकसत नाही, पण खिडकीखाली किंवा बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीला लावू नका. ओल लागली की ते भुसभुशीत होतं.

घासायला 180 नंबरचा पेपर, मग 320. लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून घासा, नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या खुणांएवढे खळगे पडतात. तोंडाला मास्क हवाच. रात्री दिवे मालवून मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. दिवसा सपाट वाटणाऱ्या भिंतीचे डोंगर-दऱ्या तेव्हा दिसतात. समाधान होईपर्यंत प्रायमर मारू नका, पण प्रायमर टाळूही नका. नव्या पुट्टीवर थेट रंग मारला की ती रंग पिते आणि बरोबर तेवढाच भाग निस्तेज चट्ट्यासारखा दिसतो. रंगाचा जुना डबा घरात असला तरी भिंतीवरचा रंग 11 वर्षांत उतरलेला असतो, ठिगळ कळणारच. तेव्हा निदान ती एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवा.

आता आईचं घर. मातीच्या भिंतीचा पोपडा पडला म्हणून भावानं सिमेंट लावलं आणि वर्षाच्या आत सिमेंटचा अख्खा पत्रा मागची माती घेऊन उतरला, असं तुम्ही लिहिलंय. तसंच होणार होतं. मातीची भिंत जमिनीतून ओल घेते आणि हवेत सोडते. सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं की ओल मागे साचते, माती ढिली होते. शिवाय सिमेंट कडक आणि माती मऊ, दोघांचा संसार होत नाही. उरलेलं सिमेंट हलक्या हातानं काढा. पांढरी माती चाळून, त्यात गव्हांडा (गव्हाचा भुसा) घालून आठ-दहा दिवस भिजत ठेवा, रोज पायानं तुडवा. आंबूस वास यायला लागला आणि गव्हांडा मऊ पडला की माती तयार. मातीतलं तूस, काडी, तंतू भेगा धरून ठेवतात. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडलेत, म्हणजे ही युक्ती आपल्याकडे किती जुनी आहे बघा. भिंतीवर पाण्याचा हबका मारून पहिला हात जाड द्या. त्याला वाळताना भेगा पडतील, पडू द्या. दुसरा हात बारीक चाळलेली माती आणि शेण यांचा, पातळ. तो ओलसर असताना तळहातानं घोटा. पावसाळा पुरता सरल्यावरच हे करा, आणि वर ऑइलपेंट नको, चुना चालेल.

माती किती, शेण किती याचं माप मी सांगत नाही. ते गावागावाच्या मातीवर ठरतं. आईला विचारा, त्यांना नक्की माहीत असेल. गढीच्या, म्हणजे गावातल्या जुन्या पडक्या वाड्याच्या, कुठल्या अंगाची पांढरी माती चांगली, हेही.